चौदा-चौदा

ती वीस मिनिटं माझ्या पेन्सिलीला काहीच काम नव्हतं.

डिसेंबर १९८६. लखनौच्या चौक भागातलं एका शाळेचं मैदान, एका अंगाला जुन्या लखोरी विटांची भिंत. जनपदीय, म्हणजे जिल्हास्तरीय, व्हॉलीबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना तिसऱ्या गेमपर्यंत आला होता आणि गुण झाले होते १४-१४. मी आमच्या शाळेचा गुणलेखक. वडील आरडीएसओत, म्हणजे रेल्वेच्या संशोधन आणि मानक संघटनेत होते. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून त्यांची बदली झाली आणि आम्ही मानकनगरच्या वसाहतीत राहायला आलो. माझी उंची बेताची, पण अक्षर नीटस. आमच्या मास्साबांनी (तिकडे मास्तरसाहेबांचं मास्साब होतं) माझ्या हातात एक लांबट वही आणि पेन्सिल दिली आणि म्हणाले, "बेटा, टीम में सात लोग होते हैं. सातवां वह, जो लिखता है." स्पर्धेची अधिकृत नोंद यजमान शाळेचे शिक्षक करायचे. आमची वही आमच्यापुरती होती.

तेव्हाचा नियम आजच्या वाचकाला सांगायला हवा. गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघालाच मिळायचा. समोरच्याने रॅली जिंकली तर त्याला गुण नाही, नुसती सर्व्हिस. पंच शिटी मारून हात दुसरीकडे करायचे, "सर्व्हिस चेंज" म्हणायचे आणि आकडे होते तिथेच राहायचे. गेम १५ गुणांचा, पण जिंकायला दोन गुणांची आघाडी हवी. म्हणजे १४-१४ नंतर नुसतं चांगलं खेळून भागत नाही. आपली सर्व्हिस असताना दोनदा, समोरच्याला मध्ये गुण न देता चांगलं खेळावं लागतं.

ते काही कुणाला जमेना. आम्ही सर्व्हिस मिळवायची, त्यांनी काढून घ्यायची. त्यांनी मिळवायची, आम्ही काढून घ्यायची. चौकातली ती मुलं उंच चेंडूला कधी फसायची नाहीत. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी लखनौत पतंगांचा जमघट असतो. त्या दिवशी अख्खं चौक गच्चीवर असतं. तिथे वाढलेल्या मुलाला आभाळातली वस्तू कुठे आणि कधी खाली येणार हे कुणी शिकवावं लागत नसावं. आमचा शूटर जीव खाऊन मारायचा, आणि भिंतीशी उभा असलेला त्यांचा एक किडकिडीत मुलगा दोन्ही मनगटं जुळवून तो चेंडू असा वर द्यायचा, की जणू कुणी त्याच्याकडे तो अलगद टाकला होता.

माझ्या वहीत मात्र १४ आणि १४. समोर एवढं घडत होतं आणि कागदावर त्याचं काहीच उतरत नव्हतं. तेव्हा मी समासात टिंबं द्यायला लागलो. एक सर्व्हिस चेंज, एक टिंब. आमच्याकडे आली तर रेघेच्या वर, त्यांच्याकडे गेली तर खाली. दिवस मावळेपर्यंत ३७ टिंबं झाली. डिसेंबरात लखनौत पाच-सव्वापाचलाच अंधारायला लागतं, त्यात धुकं उतरलं. पलीकडच्या खेळाडूचे हात दिसेनात तेव्हा पंचांनी दोन्ही मास्साबांना बोलावलं आणि राहिलेला खेळ सकाळी आठला ठेवला.

रात्र कशी गेली ते सांगत नाही. सकाळी धुकं होतंच. खेळ पाच मिनिटंसुद्धा चालला नाही. पहिली सर्व्हिस आमची, ती जाळीत गेली. मग त्यांनी ओळीने दोन गुण घेतले. १६-१४. आम्ही हरलो.

शाळेच्या कपाटात लाकडी ढाली होत्या. ज्या वर्षी शाळा जिंकली त्या वर्षाचा पितळी पत्रा ढालीवर ठोकलेला. १९८६ चा पत्रा नाही. आणि मला आमच्या संघाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा सामना विचाराल तर मी तोच सांगेन. सांगतही आलो आहे. माझ्या मुलांना तो पाठ आहे.

हा खेळ मुळात असल्या अटीतटीसाठी जन्माला आलाच नव्हता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या होलियोक गावी वायएमसीएचा शारीरिक शिक्षण संचालक विल्यम मॉर्गन याने १८९५ साली तो बसवला, तो मध्यमवयीन व्यापाऱ्यांसाठी. चार वर्षांपूर्वी निघालेला बास्केटबॉल त्यांना दमवायचा. म्हणून मध्ये जाळी, धक्काबुक्की नाही. नाव ठेवलं होतं मिंटोनेट. व्हॉलीबॉल हे नाव पुढच्या वर्षी पडलं. वायएमसीएबरोबरच तो हिंदुस्थानात आला. हॅरी बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. लखनौच्या ख्रिश्चन कॉलेजात तसं शिक्षण १९३२ ला सुरू झालं आणि मुंबईजवळ कांदिवलीची संस्था निघाली १९३८ ला. अशा कॉलेजांतून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी हा खेळ शाळाशाळांत नेला. दोन खांब, एक जाळी, एक चेंडू आणि चुन्याची फक्की. १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद एवढी जागा कुठल्याही शाळेला मिळते. क्रिकेटचं मैदान मिळत नाही. गरीब शाळांचा हा खेळ झाला त्याचं कारण एवढंच आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

आमचे मास्साब लखनौच्या त्या ख्रिश्चन कॉलेजातच तयार झालेले. त्यांनी शाळेच्या दोन्ही खांबांवर रंगाची दोन-दोन कडी काढली होती. वरचं निळं, २.४३ मीटरवर, मुलांसाठी. खालचं लाल, २.२४ मीटरवर, मुलींसाठी. मध्ये १९ सेंटिमीटर. लाल कड्यावर जाळी बांधलेली आम्ही बरेच दिवस पाहिलीच नव्हती. मग एका शनिवारी शेजारच्या कन्याशाळेचा संघ आमच्या मैदानावर सरावाचा सामना खेळायला आला. सलवार-कमीज, ओढण्या कमरेला बांधलेल्या. त्यांच्याविरुद्ध मास्साबांनी आमचा कनिष्ठ संघ उतरवला. भिंतीवर बसलेली पोरं पहिल्या गेमला हुर्यो करत होती. दुसऱ्या गेमला ती मोठ्याने गुण मोजायला लागली आणि तिसऱ्याला गप्प झाली. मुली जिंकल्या. तो सामना माझ्या वहीत आहे, तारखेसकट.

त्या संध्याकाळी जाळी सोडता सोडता मास्साबांनी आम्हाला टोकियोची गोष्ट सांगितली. २३ ऑक्टोबर १९६४. ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदाच आला होता आणि स्त्रियांच्या निर्णायक सामन्यात जपान विरुद्ध सोव्हिएत संघ. जपानच्या संघातल्या बहुतेक मुली ओसाकाजवळच्या काइझुका इथल्या निचिबो कापडगिरणीतल्या. दिवसा गिरणीतलं काम, मग मध्यरात्र उलटेपर्यंत सराव. हिरोबुमी दाइमात्सू हे त्यांचे प्रशिक्षक. त्यांनी मुलींकडून जमिनीवर गडगडत जाऊन चेंडू उचलण्याचं तंत्र घटवून घेतलं होतं. जपानने पहिले दोन गेम १५-११, १५-८ असे घेतले. तिसऱ्यात तो विजयाच्या एका गुणावर येऊन थांबला आणि रशियन मुली एकेक गुण भरून काढत १३ पर्यंत आल्या. १४-१३. तो शेवटचा गुण पडेपर्यंत जपान श्वास रोखून टीव्हीसमोर बसला होता. तिथल्या पाहणीत त्या प्रक्षेपणाचा आकडा ६६.८ टक्के निघाला.

घरी आल्यावर मी ही गोष्ट सांगितली, तर बाबा गिरणी या एकाच शब्दावर थबकले. त्यांचं लहानपण परळला गेलेलं. गिरण्यांच्या कबड्डी संघांचे सामने त्यांनी चाळीच्या गॅलरीतून पाहिले होते. त्यातले कुठले आठवतात असं मी विचारलं. त्यांना एकाही सामन्याचे गुण सांगता आले नाहीत. पण पायात क्रँप आलेला एक चढाईबहाद्दर मध्यरेषेपासून चार बोटांवर कसा पडला होता, ते त्यांनी स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवं होऊन दाखवलं. आई पोळ्या लाटत होती. ती लाटायची थांबली.

आई भातखंडे संगीत महाविद्यालयात शिकायला जायची. लखनौत मराठी माणसाला ऊर भरून यावा अशा ज्या जागा आहेत, त्यांत कैसरबागेतली ही पहिली. विष्णु नारायण भातखंडे मुंबईचे वकील. १९२६ साली त्यांनी लखनौला मॅरिस कॉलेज, म्हणजे हेच महाविद्यालय, उभं करण्यात पुढाकार घेतला. श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते पुढे वर्षानुवर्षं सांभाळलं. त्याहून मोठं काम भातखंड्यांनी आधीच केलं होतं. घराण्यांच्या गळ्यांत बंद असलेल्या चिजा, उस्तादांची मनं वळवून, त्यांनी कागदावर उतरवल्या. 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग आईच्या ट्रंकेत असायचे. तिने त्यातलं एक पान मला उघडून दाखवलं होतं. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. मींडेसाठी स्वरांवरून जाणारी कमान.

माझी ३७ टिंबं मी त्या पानाजवळ नेऊन ठेवली आणि तिला विचारलं, हे असंच आहे का? तिने माझी वही नीट पाहिली. हसली नाही. म्हणाली, "अरे, कमान काढली म्हणून मींड येत नाही. पण ज्याने ती ऐकलीय, त्याला कमान बघून आठवते. तुझ्या टिंबांचं तेच."

तिचं म्हणणं अजून पटतं. आम्ही जे लिहून ठेवतो ते घडलेल्याची जागा घेत नाही. ते फक्त ज्याने पाहिलं त्याच्यासाठी दार किलकिलं करतं. म्हणून पाहणारे असेपर्यंतच ते दार कामाचं. भातखंड्यांना हे कळलं होतं. गवई हयात होते, तोवरच ते त्यांच्या दारी गेले.

व्हॉलीबॉलमध्ये तर ही अडचण जास्तच. इथे चेंडू कुणाकडे राहतच नाही. धरला की चूक. क्रिकेटमध्ये शतक एकाचं असतं, फुटबॉलमध्ये गोल एकाचा. इथे तीन स्पर्शांत चेंडू पलीकडे जायलाच हवा, आणि सलग दोन स्पर्श एकाला करता येत नाहीत. त्यामुळे सामन्याची आठवणही एकाकडे राहत नाही. सहा जणांत ती वाटली जाते. त्यातला सगळ्यात मोठा वाटा ज्याच्याकडे असतो, त्याला आपल्याकडच्या मैदानांवर लिफ्टर म्हणतात. मागून आलेला वेडावाकडा चेंडू बोटांच्या टोकांवर घेऊन तो जाळीशी, शूटरच्या हाताला लागेल असा ठेवायचा. टाळ्या पडतात त्या शूटरला. वहीतही, मारलेला गुण म्हणून, नाव शूटरचंच.

आमचा लिफ्टर आलमबागच्या रेल्वे कारखान्यातल्या फिटरचा मुलगा. बोटांच्या पेरांवर कायम चिकटपट्टी. लखनौची मुलं जिवलग दोस्तालाही 'आप' म्हणतात आणि स्वतःला 'हम'. त्या वीस मिनिटांत तो शूटरला प्रत्येक वेळी, चेंडू हवेत असताना, "आपका" एवढंच म्हणायचा. जाळीपलीकडची मुलंही तसंच म्हणत होती. दोन्हीकडून "आपका, आपका" ऐकू येत होतं आणि मध्ये तो ठोका. चाळीस वर्षं होत आली, तो आवाज मला आत्ता लिहिताना ऐकू येतो आहे.

मागे एकदा मी त्याला फोन केला. त्या सामन्यातलं त्याला काय आठवतं? तो म्हणाला, सदतीस वगैरे मला माहीत नाही, पण एकदा मी चेंडू पाठीमागे उचलला होता, न बघता, आणि शूटर तिथे होता. बस. शूटरला विचारलं तर त्याला तो चेंडू आठवेना. त्याला आठवत होता तो पलीकडचा किडकिडीत मुलगा. आणि दोघांनाही, दुसऱ्या दिवशीची १६-१४ मी सांगितल्यावरच आठवली. एकाच्या मते तो सामना आम्ही जिंकलो होतो. मी त्याची चूक दुरुस्त केली, आणि मग वाटलं, करायला नको होती.

आमच्या सामन्याच्याच वर्षी, ऑक्टोबरात, सोलच्या आशियाई खेळांत भारताच्या पुरुष संघाने ब्राँझ पदक मिळवलं होतं. त्याआधी १९५८ ला टोकियोत ब्राँझ आणि १९६२ ला जकार्तात रौप्य. १९८६ नंतर आशियाई खेळांत व्हॉलीबॉलचं पदक आपल्याला मिळालेलं नाही. १९८६ च्या संघात जिमी जॉर्ज होता. कण्णूर जिल्ह्यातल्या पेरावूरचा. इटलीच्या क्लबांनी ज्याला बोलावून नेलं असा आपला खेळाडू. त्याच्या फोटोचं कात्रण मास्साबांनी खेळाच्या खोलीच्या दारावर आतून चिकटवलं होतं. तो जाळीच्या वर कंबरेपर्यंत दिसायचा. पुढच्या वर्षी, ३० नोव्हेंबरला, इटलीतच मोटार अपघातात तो गेला. ३२ वर्षांचा. बातमी आली त्या दिवशी मास्साबांनी जाळी बांधली नाही. आम्हाला गोल बसवलं आणि चेंडू मध्ये ठेवला. ते काही बोलले नाहीत, आम्हीही नाही. संघाच्या इतिहासात मी तो दिवसही धरतो.

अरुणिमा सिन्हा हे नाव तुम्ही ऐकलं असेल. आंबेडकरनगर जिल्ह्यातली मुलगी. ११ एप्रिल २०११ च्या रात्री ती लखनौहून दिल्लीच्या गाडीत बसली. बरेलीजवळ गळ्यातली साखळी ओढणाऱ्यांशी झटापट झाली आणि तिला धावत्या गाडीतून बाहेर ढकललं गेलं. डावा पाय गेला. २१ मे २०१३ ला कृत्रिम पायाने ती एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी होती. पाय गमावलेली, तिथे पोचलेली जगातली पहिली स्त्री. तिच्यावर लिहिलेलं जेवढं माझ्या वाचनात आलं, त्या सगळ्यात नावामागे 'राष्ट्रीय पातळीवरची व्हॉलीबॉलपटू' हे दोन-तीन शब्द आहेत. पण ती कोणत्या जागेवर खेळायची? शूटर की लिफ्टर? तिच्या खेळातला सगळ्यात आठवणीतला सामना कोणता? यावर मला कुठे काही वाचायला मिळालं नाही. एव्हरेस्टची उंची सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण तो डोंगर चढायचं बळ ज्या अंगात आलं, ते अंग कुठल्याशा धुळीच्या मैदानावर, २.२४ मीटरच्या जाळीखाली घडलं होतं. मला त्या मैदानाबद्दल वाचायचं आहे.

१९९८ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम बदलला. आता प्रत्येक रॅलीला गुण, सर्व्हिस कुणाचीही असो. गेम २५ चा. टीव्हीसाठी सामना किती वेळ चालेल याचा अंदाज हवा होता, आणि तो मिळाला. माझ्या मते बदल योग्य झाला. १९७६ ला माँट्रियलच्या अंतिम सामन्यात पोलंडने सोव्हिएत संघाविरुद्ध चौथा गेम १९-१७ असा घेतला आणि मग पाचवाही. असल्या गेमांची दमछाक शाळकरी मुलांच्या अंगावर घालू नये असं आता वाटतं. शिवाय नव्या नियमात गुणलेखकाची पेन्सिल रिकामी राहत नाही. प्रत्येक रॅली कागदावर येते. चौदा वर्षांच्या मला हेच तर हवं होतं.

तरीही त्या नियमाने आमचा सामना खेळला गेला असता तर प्रत्येक रॅलीला गुण पडून तो बहुधा कधीच कुणीतरी जिंकला असता, उजेड असताना. धुकं उतरायच्या आत आम्ही बस पकडली असती. किडकिडीत मुलाने तेवढे चेंडू उचलले नसते. पाठीमागे न बघता दिलेला तो चेंडूही बहुधा झाला नसता. दोन बरोबरीच्या संघांना एकमेकांसमोर इतका वेळ, काहीही पदरात न पडता, उभं ठेवणारा तो जुना नियम गेला. मी त्याला चुकीचा म्हणतो, आणि माझ्याजवळचं सगळ्यात चांगलं त्यानेच दिलेलं आहे.

ती वही माझ्याकडे आहे. पानं पिवळी झाली, पेन्सिल पुसट झाली, टिंबं अजून मोजता येतात. मास्साब आता नाहीत. मागच्या वर्षी मी त्या पानांच्या प्रती काढल्या. प्रत्येक सामन्याखाली आठवतील तेवढी दोन्ही संघांतली मुलं लिहिली, कोण कुठल्या जागेवर होता ते लिहिलं, आणि ते सगळं शाळेला पाठवून दिलं. चौकातल्या शाळेलाही एक प्रत पाठवली. त्यांच्याकडच्या किडकिडीत मुलाचं नाव मला माहीत नव्हतं. त्याची जागा कोरी ठेवून, ती भरून द्यावी अशी विनंती केली आहे.

तुम्हीही कुठल्यातरी शाळेकडून खेळला असाल, किंवा भिंतीवर बसून खेळ पाहिला असेल. ढालीवर पत्रा नसलेला एखादा सामना आठवत असेल तर तो या आठवड्यात लिहून काढा आणि शाळेला पाठवा. गुण आठवले नाहीत तरी चालतील. लिफ्टर कोण होता, ते मात्र लिहा.